गोळीचा पूर्ण पत्ता

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरपलीकडच्या एका बाईला 'नाही' म्हणत होतो. खांडबाऱ्याचा बाजार होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या बाईला नवऱ्याच्या खोकल्यासाठी लाल-काळी कॅप्सूल हवी होती. दोनच. मागच्या वर्षी तिनेच गुण आला होता म्हणे. मोबाइलवर भाचीचं, वर्षाचं नाव दिसलं. मी ऐकलं, 'येतो' म्हणालो, मोबाइल खिशात टाकला आणि त्या बाईला पुढचं विचारू लागलो... खोकल्याला किती दिवस झाले, वजन उतरलंय का, थुंकीत रक्त दिसतं का. दोन आठवडे होऊन गेले होते. मग सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, त्याआधी कुठलीही कॅप्सूल नको, असं सांगून तिला पाठवलं आणि शटर ओढलं. सख्खी बहीण गेल्याचं कळल्यावरही हा माणूस आधी गिऱ्हाईक पुरं करतो, असं कुणाला वाटेल. पण ही खोड त्याच बहिणीने लावलेली. ती कशी लागली ते सांगायला बसलो आहे, आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ताई म्हणजे शकुंतला. प्रकाशा गावातल्या आमच्या घरात चार भावंडांत ती सर्वांत मोठी आणि मी शेंडेफळ. तापीकाठची काळी जमीन, केळी आणि ऊस, त्यामुळे मुलीने नोकरी करावी अशी गरज घरात कुणालाच वाटत नव्हती. तिने धुळ्याला जाऊन फार्मसीची पदविका घेतली आणि खांडबाऱ्याजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू झाली. दाजी नवापूरला शिक्षक होते. दोन-चार वर्षांत ही माहेराजवळ, शहाद्याकडे बदली करून घेईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती तिथूनच निवृत्त झाली. पदाचं नाव एवढं लांबलचक, पण पाड्यांवर तिला सगळे 'गोळीवाली बाई' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. दोन वर्षांत ती पाड्यावरची बोली शिकली, आमच्याशी मरेपर्यंत अहिराणी बोलली, आणि पुस्तकी मराठी तिने दोनच कामांसाठी राखून ठेवली होती: साहेबांशी बोलायला-लिहायला आणि माझ्यावर चिडायला.

आरोग्य केंद्रातल्या तिच्या खिडकीपुढे रांग कायम लांब असायची, कारण ती गोळी देण्याआधी चौकशी करायची. याआधी काय घेतलं? कुठली गोळी खाल्ल्यावर अंगाला खाज सुटली होती का? दिवस राहिलेत का? डॉक्टरांनी लिहिलेलं तिला पटलं नाही तर चिठ्ठी घेऊन ती उठायची आणि आत जाऊन विचारून यायची. नवे डॉक्टर सुरुवातीला वैतागायचे. सर्दी-पडशाला जंतूंवरच्या गोळ्या लिहून आल्या की ती म्हणायची, साहेब, ही सर्दी आपली आपण जाणार आहे, हिला सोबत कशाला देता? डॉक्टर हसायचे आणि चिठ्ठीवर काट मारायचे. हे सगळं मला तेव्हा आगाऊपणाचं वाटायचं. गोळ्या सरकारच्या, रोगी डॉक्टरांचा, मधे हिला काय पडलंय?

मी ती पदविका तिसऱ्या खेपेला पास झालो आणि ताई जवळ आहे म्हणून खांडबाऱ्याला मेडिकल टाकलं. दुकान चाललं, आणि का चाललं तेही सांगतो. माझ्याकडे पुडी मिळायची. तापाची एक गोळी, अंगदुखीची एक, आणि एक 'पॉवर'ची. पॉवरची म्हणजे अँटिबायोटिक. आमच्याकडे गोळ्यांच्या स्ट्रिपला पत्ता म्हणतात. माणूस आला, बोट दाखवलं, की मी कात्री घेऊन पत्त्याचे दोन खण कापून द्यायचो. चिठ्ठी कोण मागतो? मागितली तर तो समोरच्या दुकानात जाणार. मी डावखुरा आहे. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने चालवली की कड सरळ निघत नाही, चावल्यासारखी निघते. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. हात मात्र असा भराभर चालायचा की बाजारच्या दिवशी लोक कौतुकाने बघत उभे राहायचे.

एका वर्षी दिवाळी झाली आणि ऊसतोडीला गुजरातकडे निघायची घाई सुरू झाली. जवळच्याच एका पाड्यावरची रमिला आपल्या सेवंतीला घेऊन ताईच्या केंद्रात आली होती. सेवंती चार वर्षांची, तिच्यावरचे दोन भाऊ. पोरीला ताप होता, श्वास भरभर चालला होता, बरगडी आत ओढली जात नव्हती एवढंच काय ते चांगलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया धरून पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या लिहिल्या, पाच दिवसांच्या. ताईने मोजून दिल्या, कशा द्यायच्या ते दोनदा सांगितलं, रमिलाकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत पोरीला उतार पडला. तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या होत्या, चौथ्या दिवशी ताप पुन्हा चढला. कांतू, म्हणजे सेवंतीचा बाप, मुकादमाकडे गेलेला, गाडी दोन दिवसांत सुटणार. पुन्हा केंद्रात जाऊन दिवस मोडण्याऐवजी रमिला बाजाराला आली तशी माझ्या दुकानात आली, आणि पोरीसाठी पाण्यात विरघळणाऱ्या दोन गोळ्या द्या म्हणाली.

माझ्याकडे ती गोळी त्या दिवशी नव्हती. मी विचारलं नाही की आधी काय दिलं, किती दिलं, पोर कुठे आहे. दुसऱ्या जातीची, जास्त जोराची गोळी होती, सेफिक्झिम. म्हटलं, ही घे, ही त्याहून भारी. दोन खण कापले आणि तिच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेवंतीला झोळीत घालून आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा तिची बरगडी आत ओढली जात होती आणि अंगभर गांधी उठल्या होत्या. केंद्राच्या जीपमधून तिला नंदुरबारला हलवलं. ताई सोबत गेली, तिचं ते काम नसताना गेली. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी इंजेक्शन काढायला सांगितलं आणि विचारलं, या गांधी कशाने? काय दिलं होतं हिला? रमिलाने कमरेची गाठ सोडून पत्त्याचा तुकडा पुढे केला. दोन रिकामे खण. नाव नाही, मुदत नाही, काही नाही... सगळं कापून माझ्याकडेच राहिलेलं. डॉक्टरांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि ताईच्या हातात दिला. तिने कडेवरून बोट फिरवलं असणार. मग तिने दवाखान्यातूनच माझ्या दुकानात फोन लावला.

रमिला आली होती का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बाजारात शंभर बाया येतात. काय दिलं होतंस? म्हणालो, आठवत नाही. हे खोटं होतं. मला स्वच्छ आठवत होतं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर लायसन जाईल, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं, दुसरं काहीही नाही.

"बापू, मन्हा हातमा तुकडा शे," ताई म्हणाली. "तुन्हा डावा हातनी कात्री मी वळखस. कोणती गोळी दिनी तितलं सांग. पोर धापा टाकी ऱ्हायनी."

ती अहिराणीत बोलत होती, म्हणजे चिडलेली नव्हती, आणि त्यामुळेच मी जास्त घाबरलो. चिडली असती तर मीही चिडलो असतो आणि खोट्याला चिकटून राहिलो असतो. मी गोळीचं नाव सांगितलं. फोन तसाच चालू होता. पलीकडून तिचा आवाज आला, आता पुस्तकी मराठीत, डॉक्टरांना सांगत होती: "साहेब, सेफिक्झिम दिलंय. माझ्या भावाने दिलंय, खांडबाऱ्याला मेडिकल आहे त्याचं."

डॉक्टरांनी जे इंजेक्शन भरायला सांगितलं होतं ते नेमकं याच गोळीच्या घराण्यातलं होतं. रोजच्या सवयीने निवडलेलं, एरवी उत्तम औषध. त्या पोरीच्या अंगात ते गेलं असतं तर गांधींवर भागलं नसतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, गांधींवर इलाज सुरू केला आणि दुसऱ्या गटातलं औषध निवडलं. तीन दिवसांनी सेवंती बिस्किट मागू लागली. हे सगळं मला नंतर कळलं, तेही केंद्रातल्या शिपायाकडून, कारण मी ताईशी बोलणं टाकलं होतं. तिने भर दवाखान्यात माझं नाव घेतलं, दुकानाचा ठिकाणासकट उल्लेख केला, याचा मला राग होता. खरं सांगणं मला समजत होतं. 'माझ्या भावाने' हे शब्द कशाला? गोळीचं नाव पुरेसं नव्हतं का?

मी इकडे रुसून बसलो होतो तेव्हा ताई एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होती. पाच दिवसांच्या गोळ्या तिने स्वतः मोजल्या होत्या, मग तिसऱ्या दिवशी संपल्या कशा? दवाखान्यात रमिलाच्या खाटेशेजारी बसून, बोलीत, इकडचं तिकडचं बोलत तिने ते काढून घेतलं. रमिलाने तिन्ही पोरांना सारख्या वाटल्या होत्या. घरात जे येईल ते सगळ्यांचं. एकीच्या हातावर द्यायचं आणि दोघांनी तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे त्यांच्या घरात कधी झालेलं नाही. पाव आणला तरी त्याचे तीन तुकडे व्हायचे. त्यातून गोळी गोड, आंब्याच्या वासाची. रमिलाला यात आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं, उलट एकीलाच दिलं असतं तर चुकलं असतं. केंद्रात, दुकानात वर्षानुवर्षं आम्ही सगळे 'हे लोक डोस पूर्ण करत नाहीत' म्हणायचो, अडाणी म्हणायचो. पुढे ताईने माझ्यासमोर कबूल केलं की तीही म्हणायची. वाटणी हे कारण असेल असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तिने रमिलाला रागावलं नाही. घरातलं कुणी बाहेरगावी असेल तेव्हा त्याच्या वाट्याचं काय करता, एवढंच विचारलं. रमिला म्हणाली, काढून ठेवतो, झाकून, तो येईपर्यंत कुणी हात लावत नाही. मग ताई तिला जे म्हणाली ते मला वर्षाने सांगितलं, वर्षाला रमिलाने. ताई म्हणाली, उद्याची सेवंती अजून घरी आलेली नाही. परवाची पण नाही. हा त्यांचा वाटा आहे, त्या येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि गोळीच्या वेळी दोन्ही भावांच्या हातावर गुळाचा खडा ठेव, म्हणजे त्यांचाही वाटा झाला... मी इतकी वर्षं औषधं विकतो आहे, कंपन्यांची माणसं येऊन मला रंगीत कागदांवर काय काय समजावून गेली. डोस का पूर्ण करायचा हे याहून चांगलं मला कुणीही समजावलेलं नाही. माझी बहीण म्हणून सांगत नाही. म्हणजे, बहीण म्हणूनही सांगतो.

सेवंतीला घरी सोडताना पुढच्या गोळ्या दिल्या होत्या. टोळीची गाडी सुटून गेली होती, यांना आता मागाहून निघायचं होतं. कांतू त्या दाखवायला केंद्रात आला, तेव्हा ताईने त्याला बजावलं की गुजरातला गेलात तरी पूर्ण पत्ता झाला पाहिजे, मला पूर्ण पत्ता हवा. तो हो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर हजर, हातात वहीचा कागद. शाळेच्या गुरुजींकडून लिहून आणलेला: स्वतःचं नाव, बापाचं नाव, पाडा, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. शिवाय खाली, गुजरातमधल्या ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली होती ते गाव, साखर कारखान्याचा रस्ता, मुकादमाचं नाव आणि फोन. बाई, पूर्ण पत्ता आणलाय. ताई इतकी हसली म्हणे की तिला खुर्चीत बसावं लागलं. कांतूही हसला, का ते न कळता. आणि मग ती हसायची थांबली आणि तो कागद पुन्हा वाचू लागली, कारण वर्षानुवर्षं तिची माणसं अर्ध्या औषधावर गाडीत बसून निघून जायची आणि कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नसायचं. हा कागद तिला कुणी मागूनही दिला नसता. त्या दिवसापासून तिने प्रत्येकाकडे दोन्ही पत्ते मागायला सुरुवात केली. चार दिवसांनी तिने त्या मुकादमाला फोन करून सेवंतीच्या गोळ्यांची चौकशी केली. मुकादम बिचारा कुणी मोठी अधिकारी समजून उभ्याने बोलला असं कांतू सांगायचा.

मी अजूनही बोलत नव्हतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला भाऊ बहिणीला माहेरी घेऊन येतो, ते दिवाळीहून मोठं. दरवर्षी मीच जायचो. त्या वर्षी मी गेलो नाही, दुकानात काम आहे म्हणून घरी सांगितलं, आणि सणाच्या आदल्या दिवशी प्रकाशाला जाऊन ओट्यावर बसलो. दुपारी ताई एसटीतून उतरली, एकटी, खांद्याला पिशवी. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू लेवाले उना नही, मंग मीच उनू," ती म्हणाली. आणि पाणीही न पिता पुढे म्हणाली, "परका ऱ्हाता ते नाव लेवाना पहिले इचार करती. भाऊ शे म्हनीसन सांगं."

मला ते कळायला वेळ लागला. परक्यावर असा आरोप करण्याआधी तिने दहादा विचार केला असता. भाऊ म्हणाल्यामुळे त्यातली अर्धी चूक तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती, तिथे, सगळ्यांदेखत, सरकारी नोकरीत असताना. कुणी चौकशी लावली असती तर तिचीही झाली असती. मी एवढा वेळ ते माझ्या बदनामीचं वाक्य समजत होतो. मी तिच्या पाया पडलो, आणि आमच्या घरात भाऊ बहिणीच्या पाया पडण्याचा रिवाज नाही, त्यामुळे आई आतून बघत राहिली.

मग तिने पिशवी उघडली. आत कागदी पाकिटांचा गठ्ठा होता, जुन्या छापील फॉर्मच्या कोऱ्या बाजूने चिकटवलेली. प्रत्येकावर तिने पट्टीने चार ओळी आखल्या होत्या. गोळीचं नाव आणि मुदत. कुणासाठी. शेवटची गोळी कोणत्या वारी. आणि काय चालत नाही. कांतूच्या कागदावरून सुचलं होतं. माणसाला पत्ता असतो तसा गोळीलाही हवा, म्हणजे ती भलत्याच्या घरी जाणार नाही, आणि तिचा मुक्काम कुठे संपतो तेही कळेल. पत्ता कापायची वेळ आली तर नाव आणि मुदतीचा तुकडा माणसाकडे जाऊ दे, तुझ्याकडे नको. आणि चिठ्ठी नसेल तर पॉवरची गोळी द्यायचीच नाही. हे शेवटचं तिने पुस्तकी मराठीत सांगितलं.

मी ऐकलं. काही एका दिवसात साधू झालो नाही, पहिले सहा महिने हात वळवळायचा. गिऱ्हाईक तुटलं. खांडबाऱ्यात म्हणू लागले, बापूच्या मेडिकलात गोळी कमी आणि चौकशी जास्त. हे ताईला सांगितलं तर ती इतकी खूश झाली की दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटली. नवापूरचा माझा एक कोंबडीवाला मित्र पक्ष्यांच्या पाण्यात घालायला माणसांच्या कॅप्सूल डब्याने मागायचा, त्यालाही नाही म्हणालो. तो वर्षभर बोलला नाही, मग त्याच्याच बापाच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देईना तेव्हा येऊन बसला. त्याचा बाप वाचला, सुरतेत पाच औषधं बदलून. तेव्हापासून तो शेडमध्ये पशुवैद्याला विचारल्याशिवाय काही घालत नाही, निदान मला तसं सांगतो. आणि कोरोनाच्या त्या दोन वर्षांत, जेव्हा माणसं दारात रांगा लावून तीन-तीन दिवसांच्या अँटिबायोटिकसाठी हात जोडत होती, तेव्हा निवृत्त होऊन नंदुरबारला राहायला गेलेली ताई रोज फोन करायची. आज किती जणांना नाही म्हणालास? मी आकडा सांगायचो. शाब्बास म्हणायची. लहानपणी पाढे म्हणून दाखवल्यावर म्हणायची तसंच.

सेवंतीच्या लग्नात आम्ही दोघं गेलो होतो. ताईने तिला साडी दिली आणि नवऱ्या मुलाच्या आईच्या हातात एक पाकीट. त्या बाईंना वाटलं अहेर आहे. आत जाड कागदावर लिहिलं होतं की या मुलीला कुठल्या गटाची औषधं चालत नाहीत, कुठल्याही दवाखान्यात आधी हे दाखवा. मांडवातल्या गोंगाटात सासूबाईंनी ते एका पोराकडून मोठ्याने वाचून घेतलं, मग घडी करून पोलक्यात ठेवलं. मागच्या साली बाळंतपणात त्यांनीच ते डॉक्टरांपुढे धरलं. सेवंतीची आता स्वतःची मुलगी आहे.

ताईला शेवटचं भेटलो ते ती जायच्या आदल्या दिवशी, नंदुरबारला, तिच्या खोलीत. लघवीला जळजळ आणि बारीक ताप होता. डॉक्टर लगेच गोळ्या लिहीत होते, हिने त्यांना थांबवलं, आधी लघवी कल्चरला पाठवा, मग सुरू करते. सत्तरीला आलेली बाई, ताप अंगात, आणि डॉक्टरला शिकवते. उशाशी तिने स्वतःच्या गोळ्यांसाठी पाकीट केलं होतं, चारही ओळी भरलेल्या, कुणासाठीच्या रकान्यात पूर्ण नाव. शेवटची गोळी: रविवार. मी चिडवलं, हे कुणाला दाखवायचंय? म्हणाली, "मालेच." दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली आणि हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, त्याचा या तापाशी संबंध नाही, आतून केव्हाचं चाललं असेल.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं भरलेली असताना वर्षाच्या सासूबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनाही अलीकडे तसाच त्रास होत होता, आणि पाकिटात रविवारपर्यंतच्या गोळ्या शिल्लक होत्या. वाया कशाला घालवायच्या, देता का? सुतकाचं घर, व्याह्यांकडच्या थोरल्या बाई. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणालो. मग तिथेच बसून विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे, ताप येतो का, साखर आहे का... आणि त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन आणलं. त्या गोळ्या मी दुकानात आणून नष्ट करायच्या खोक्यात टाकल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी वर्षाच्या मोबाइलवर ताईच्या कल्चरचा रिपोर्ट आला. तिला वाचता येईना, माझ्याकडे दिला. एक जंतू सापडला होता, आणि त्याखाली औषधांची लांब यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर. औषध चालत असेल तर एस, जंतूने दाद द्यायची सोडली असेल तर आर. असे रिपोर्ट रोज माझ्या काउंटरवर येतात. पंचविशीतल्या पोरांचे येतात आणि अर्धी यादी आर असते. ताईच्या यादीत वरपासून खालपर्यंत एस होता. सगळ्यांत जुनी, साधी गोळीसुद्धा चालली असती. डॉक्टरांना दाखवला तर म्हणाले, या वयात असा रिपोर्ट हल्ली क्वचित बघायला मिळतो. जंतू काही एका माणसाचे नसतात, गावाचे असतात, आणि एका कागदावरून असं श्रेय कुणाला देणं शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. पण मी भाऊ आहे, मी देणार.

तो रिपोर्ट मी दुकानात लायसनच्या शेजारी फ्रेम करून लावला आहे. गेल्या आठवड्यात तपासणीला आलेले साहेब लायसन बघता बघता तिकडे वळले, चष्मा वर केला आणि विचारलं की हे कशाचं सर्टिफिकेट. म्हटलं, ताईचा निकाल आहे साहेब. सगळ्या विषयांत पास.